कथा-कादंबरी आणि तत्त्वज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही काही जण स्वतः लिहिलेल्या कथा घेऊन जमतो, त्या मोठ्याने वाचतो आणि त्यांवर बोलतो. मंडळींत यंत्रमाग कारखान्यात हिशेब ठेवणारे आहेत, शिक्षिका आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुलेही आहेत. चर्चा कुठूनही सुरू झाली तरी ती फिरून एकाच ठिकाणी येते : कथेत विचार किती असावा, तो कोणी मांडावा आणि मांडला की कथा मरते का? तेच ते प्रश्न पुन्हा येत राहिल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. उत्तरे माझी आहेत. रविवारच्या बैठकीत सगळ्यांना ती मान्य असतात असे नाही.

प्रश्न : तत्त्वज्ञान आणि साहित्य यांच्यात नेमका फरक कोणता? दोघांचेही विषय तर एकच दिसतात.

विषय एकच आहेत हे खरे. मृत्यू, न्याय, स्वातंत्र्य, देव, दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळते का, या गोष्टी दोघांच्याही आहेत. फरक आहे तो काम करण्याच्या रीतीत. तत्त्वज्ञ एक विधान करतो, त्याला कारणे देतो, आपल्या विरोधकाचा पूर्वपक्ष स्वतःच मांडतो आणि मग त्याचे खंडन करतो. या सगळ्या व्यवहारात ते विधान कोणी केले याला महत्त्व नसते. ‘खोटे बोलणे कोणत्याही परिस्थितीत अयोग्यच’ हे वाक्य राजाने म्हटले काय किंवा चोराने म्हटले काय, त्याची सत्यासत्यता तीच राहते.

कथेत नेमके उलटे घडते. तेच वाक्य दवाखान्यात, डॉक्टरांनी नुकताच आजार सांगितला आहे आणि आई आत वाट पाहते आहे अशा वेळी, थोरला भाऊ धाकट्याला म्हणतो, तेव्हा वाचकाचे लक्ष वाक्याच्या सत्यतेकडे जात नाही. या माणसाला आताच हे वाक्य का आठवले, तो तत्त्व सांगतो आहे की आईला सांगण्याची जबाबदारी धाकट्यावर ढकलतो आहे, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. विधान तेच, पण आता त्याला एक तोंड आहे, एक वेळ आहे आणि त्यामुळे कोणाचे तरी काहीतरी जाणार आहे. मला विचाराल तर कथेतल्या विचाराची कसोटी एवढीच : हा विचार खरा ठरला किंवा खोटा ठरला, तर कथेत कोणाला काय गमवावे लागते? उत्तर ‘कोणाला काहीच नाही’ असे असेल, तर तो मजकूर निबंधात हलवावा; तिथे तो सुखाने राहील.

प्रश्न : प्लेटोने कवींना आदर्श नगरातून हाकलून दिले होते. म्हणजे ही दोन्ही शास्त्रे मुळातच एकमेकांची वैरी आहेत का?

‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात प्लेटो तत्त्वज्ञान आणि काव्य यांच्यातल्या भांडणाला जुने भांडण म्हणतो, म्हणजे त्याच्या काळीही ते नवे नव्हते. त्याचे आक्षेप ढोबळमानाने दोन : कवी वस्तूच्या नकलेची नक्कल करतो, म्हणून सत्यापासून दूर असतो, आणि तो आपल्या मनातल्या विवेकापेक्षा भावनांना खतपाणी घालतो. गंमत अशी की हे सारे सांगणारा माणूस स्वतः संवाद लिहितो. त्यात पात्रे आहेत, प्रसंग आहेत, गुहेत साखळदंडाने बांधलेल्या माणसांचे चित्र आहे. प्लेटोचा युक्तिवाद विसरलेल्या विद्यार्थ्यालाही ती गुहा आठवते.

त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने काव्याची बाजू घेताना असे म्हटले की इतिहास घडलेली गोष्ट सांगतो, तर काव्य घडू शकेल अशी गोष्ट सांगते, म्हणून काव्य इतिहासापेक्षा अधिक तत्त्वज्ञानात्मक आहे. आमच्याकडे ‘पण हे खरोखरच घडले आहे’ असे सांगून कथेतल्या ढिसाळ प्रसंगाचे समर्थन करणारे प्रत्येक बैठकीत एक तरी असतात. त्यांना मी हेच वाक्य ऐकवतो. घडले होते हा पुरावा न्यायालयात चालतो; कथेत तसे घडणे शक्य आणि अटळ वाटावे लागते.

प्रश्न : आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे का, की तो पाश्चात्त्यांकडूनच घ्यायचा?

झालेला आहे, आणि कथा लिहिणाऱ्याला थेट उपयोगी पडेल इतका बारकाईने झालेला आहे.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजने सांगताना ‘कान्तासंमिततयोपदेशयुजे’ असे म्हटले आहे. उपदेशाचे तीन प्रकार मानलेले आहेत. वेद राजासारखी आज्ञा करतात, पुराणे आणि इतिहास मित्रासारखे समजावून सांगतात आणि काव्य मात्र प्रिय पत्नीप्रमाणे, रस निर्माण करून, ऐकणाऱ्याचे मन वळवते. उपमा आज कोणाला जुनी वाटेल, पण त्यामागचे निरीक्षण जुने झालेले नाही. कथेत लेखक आज्ञा करू लागला की वाचक त्याला कथाकार मानणे सोडून देतो.

याहून मोलाचा मला त्याच ग्रंथातला रसदोषांचा विचार वाटतो. रस, स्थायिभाव (मनातला टिकून राहणारा भाव) किंवा व्यभिचारिभाव (येऊन जाणारा भाव) यांचा त्यांच्याच नावाने उच्चार करणे, म्हणजे ‘स्वशब्दवाच्यता’, हा तिथे दोष मानला आहे. ‘येथे करुण रस दाटून आला’ असे लिहिल्याने करुण रस दाटत नाही. तो विभाव-अनुभावांतून, म्हणजे प्रसंगातून आणि माणसांच्या वागण्यातून, व्यंजित व्हावा लागतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा, म्हणजे थेट न सांगता सूचित होणाऱ्या अर्थाचा, जो सिद्धान्त मांडला त्याचाच हा व्यावहारिक नियम आहे. मी तो विचारालाही लावतो. शास्त्रकारांनी तसे म्हटलेले नाही, ही जोड माझी आहे. ‘त्याला जीवनाची निरर्थकता जाणवली’ या वाक्यात निरर्थकता स्वशब्दवाच्य झाली, आणि म्हणूनच ती कोणालाही जाणवली नाही.

मराठीतले उदाहरण हवे असेल तर महानुभावांकडे जावे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. तिथे प्रत्येक ठिकाणी तीन अंगे आहेत : आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त कशाला लागू पडतो याचा उलगडा. आंधळ्यांनी हत्ती चाचपून पाहिला, ज्याच्या हाताला जो अवयव लागला त्याने तसाच हत्ती सांगितला, ही गोष्ट त्यातच आहे. आता या तिन्ही अंगांमधले पहिले आणि तिसरे झाकून ठेवा आणि मधली गोष्ट तेवढी वाचा. ती अपुरी वाटत नाही. उलट ती चहूबाजूंनी मोकळी होते आणि आज ती देवाविषयी, राजकारणाविषयी किंवा एका घरातल्या चार भावांविषयीही असू शकते. धर्मग्रंथाला सूत्र आणि दार्ष्टान्तिक दोन्ही आवश्यक होते, कारण त्याला शिष्याला एका निश्चित अर्थापर्यंत न्यायचे होते. कथाकाराने सूत्र स्वतःपाशी ठेवावे आणि दार्ष्टान्तिक वाचकावर सोपवावे. आमच्या बैठकीत आता ‘तुमचे दार्ष्टान्तिक खोडा’ एवढे म्हटले तरी पुरते. बहुतेक वेळा ते शेवटच्या परिच्छेदात सापडते.

प्रश्न : हे सगळे ठीक आहे, पण आपल्या गावाच्या मातीतले एखादे उदाहरण देता येईल का?

एक नव्हे, दोन देतो. दोन्ही सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्याभोवतीची आहेत आणि सोलापूरकराने ती लहानपणापासून ऐकलेली असतात, म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे कथा म्हणून पाहिलेले नसते.

बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धरामांनी तलाव खोदला, देवळे उभारली, अडुसष्ट लिंगे स्थापिली. ‘शून्यसंपादने’ या पंधराव्या शतकात सिद्ध झालेल्या कन्नड ग्रंथात वचनकार संत अल्लमप्रभू या गावी येतात आणि कामात गढलेल्या सिद्धरामांनाच डिवचतात : या खोदकामाने आणि बांधकामाने मुक्ती कशी मिळणार? काम करणारी माणसे चिडतात आणि दगड उचलतात. पुढे दोघांचा संवाद होतो आणि सिद्धराम बसवण्णांच्या कल्याणची (आजच्या बसवकल्याणची) वाट धरतात. कर्म मोठे की ज्ञान, हा वाद शेकडो ग्रंथांत आहे. येथे तो टिकून राहतो त्याचे कारण असे की दोन्ही बाजूंना भक्कम माणूस उभा आहे. अल्लमप्रभूंचा प्रश्न टाळता येत नाही, आणि सिद्धरामांचा तलावही नाही. ज्या वाचकाने उन्हाळ्यात घागर घेऊन पाण्याची वाट पाहिली आहे, त्याला बाह्य कर्म तुच्छ आहे हे इतक्या सहज पटणार नाही. ग्रंथाने आपला निर्णय दिलेला आहे. तलाव मात्र अजून देवळाभोवती आहे आणि तोही आपली बाजू मांडतोच आहे.

दुसरे उदाहरण गड्ड्याच्या यात्रेचे. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करण्याचा हट्ट धरला, ते तर योगी, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. आणि त्या विवाहाची आठवण म्हणून दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज मिरवत येतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. वैराग्य आणि प्रपंच, व्रत आणि दुसऱ्या माणसाची हाक, यांतला पेच येथे एका वस्तूने, एका काठीने सोडवला आहे. एकही सिद्धान्त सांगितलेला नाही. पण आख्यायिका एक गोष्ट विचारत नाही : त्या मुलीला हे पुरले का? श्रद्धेला तो प्रश्न विचारण्याची गरज नाही. आजच्या कथाकाराची सुरुवात मात्र मला तिथेच दिसते, आणि तो प्रश्न विचारल्याने श्रद्धेचा अवमान होतो असेही मला वाटत नाही.

जिल्ह्याच्या पलीकडच्या टोकाला पंढरपुरात पुंडलिकाने देवाकडे वीट सरकवली, तीही याच जातीची गोष्ट. आईवडिलांची सेवा की देवाचे स्वागत, या नीतिशास्त्रातल्या प्रश्नाला तिथे मिळालेले उत्तर विटेएवढे आहे.

प्रश्न : मराठीत तत्त्वचिंतनात्मक कादंबरी आहे का?

आहे, आणि तिची सुरुवात वामन मल्हार जोशी यांच्यापासून मानण्याचा प्रघात आहे. ते तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते आणि ‘नीतिशास्त्रप्रवेश’ हा स्वतंत्र ग्रंथही त्यांनी लिहिला. त्यांच्या स्वतःच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत पात्रे दीर्घ वाद घालतात आणि कथानक दाराशी चपला घालून त्यांची वाट पाहत उभे राहते, ही तक्रार जुनीच आहे आणि ती मला मान्य आहे. पण 1930 सालच्या ‘सुशीलेचा देव’मध्ये त्यांनी वेगळी वाट काढली. नायिकेची देवाविषयीची कल्पना तिच्या आयुष्यातल्या टप्प्यांबरोबर बदलत जाते, म्हणजे तत्त्वज्ञान हेच कथानक होते. 1934 सालची ‘इंदू काळे व सरला भोळे’ पत्रांतून लिहिलेली आहे, आणि तो केवळ रचनेचा चमत्कार नाही : पत्र लिहिले की प्रत्येक मताला एक सही मिळते, ते मत कोणाला उद्देशून आहे हे कळते, आणि लेखकाला वर बसून निवाडा देता येत नाही.

आपल्या भागापुरते बोलायचे तर अक्कलकोटला जन्मलेले त्र्यं. वि. सरदेशमुख यांचे नाव घ्यावेच लागेल. ‘डांगोरा एका नगरीचा’ या त्यांच्या कादंबरीला 2003 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संस्थानी जगाचे चित्र काढताना सत्ता माणसाच्या आतल्या जागा कशा पोखरते याचा विचार ती करते, तो पात्रांच्या व्याख्यानांतून नव्हे, तर नगरीच्या वातावरणातून. येथे राहून कथा लिहिणाऱ्याने ती वाचलेली नसणे ही चूक क्षम्य आहे, पण ती लवकर दुरुस्त करावी.

प्रश्न : पात्रांच्या तोंडी तत्त्वज्ञानाची चर्चा घालू नये, असा नियम आहे का?

नाही. माणसे विचार करतात, वाद घालतात, पारावर आणि चहाच्या गाड्यावर देवाच्या अस्तित्वाचा निकाल लावतात. तेवढे वगळून खरी माणसे लिहिता येणार नाहीत. अट एकच आहे, की वादात उतरलेल्या दोन्ही पात्रांना लेखकाने सारखीच बुद्धी द्यावी.

दस्तयेव्हस्कीचे उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा दिले जाते. 1880 साली पूर्ण झालेल्या ‘ब्रदर्स करमाझोव्ह’मध्ये इव्हान हा भाऊ निष्पाप मुलांच्या यातनांचा दाखला देऊन ईश्वराच्या योजनेवर जो आक्षेप घेतो, त्याहून बळकट आक्षेप शोधणे कठीण आहे, आणि लेखक स्वतः श्रद्धावान होता. आपल्या श्रद्धेविरुद्धचा सर्वांत धारदार युक्तिवाद त्याने आपल्याच पात्राच्या हाती दिला. त्या पात्राने सांगितलेल्या गोष्टीत वृद्ध धर्माधिकाऱ्याच्या प्रदीर्घ आरोपाला येशू एका शब्दानेही उत्तर देत नाही, फक्त त्याचे चुंबन घेतो. हे उत्तर आहे की उत्तराचा अभाव, यावर वाचक अजून भांडतात. मिखाईल बाख्तिन यांनी 1929 साली याच लेखकावर लिहिताना अनेक आवाजांची कादंबरी ही कल्पना मांडली, ती या समान वागणुकीवरूनच.

आमच्याकडे येणाऱ्या कथांत नास्तिक पात्र असले की ते बहुतेक वेळा दारुडे तरी असते किंवा शेवटच्या पानावर मंदिराच्या पायरीवर रडते तरी. उलट गोटातल्या कथांत पुजारी हटकून लबाड असतो. दोन्ही ठिकाणी निकाल आधी लागलेला असतो आणि पात्रांना साक्षीला नुसते बोलावलेले असते.

याला एक सन्मान्य अपवाद आहे. व्हॉल्तेअरच्या 1759 सालच्या ‘कांदीद’मधली पात्रे जाणूनबुजून सपाट आहेत, ‘शक्य असलेल्या जगांत हेच सर्वोत्तम’ या मताची टिंगल करण्यासाठी त्याला बाहुल्याच हव्या होत्या. पण ती टिंगल पेलण्यासाठी वेग आणि विनोद लागतो. गंभीर चेहऱ्याने बाहुल्या नाचवता येत नाहीत.

प्रश्न : तत्त्वज्ञच कादंबरी लिहू लागला तर?

कधी साधते. सार्त्रची ‘नॉशिया’ 1938 साली आली आणि त्याचा मोठा तत्त्वग्रंथ 1943 साली. म्हणजे बागेतल्या झाडाचे मूळ पाहून मळमळणारा माणूस आधी आला, संज्ञा मागाहून पक्क्या झाल्या. काम्यूने 1942 या एकाच वर्षी कादंबरी आणि निबंध अशी दोन पुस्तके दिली आणि विसंगतीचा, म्हणजे जगण्यातल्या निरर्थकतेचा, विचार दोन्हीकडे केला, पण कादंबरीत त्याचे नाव घेण्याची फारशी गरज त्याला पडली नाही. आयरिस मरडॉक या ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवत आणि त्यांनी सव्वीस कादंबऱ्या लिहिल्या, तरी आपल्या कादंबऱ्यांना तत्त्वज्ञानात्मक म्हटलेले त्यांना रुचत नसे. तिघांत मला त्यांचा हा संकोच अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : कथास्पर्धेत ‘संदेश काय’ असे विचारतात. संदेश नसेल तर कथा नापास होते. काय करावे?

हा प्रश्न मलाही विचारला गेला आहे. एका स्पर्धेत माझी कथा ‘बोध स्पष्ट नाही’ या शेऱ्यासह परत आली होती, आणि मी पुढच्या वर्षी शेवटी चार ओळींचा बोध जोडून तीच कथा पाठवली, तेव्हा तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. बक्षिसाचे पैसे मी घेतले. त्या चार ओळी मात्र संग्रहात घेतल्या नाहीत. ज्यांना बक्षीस हवे आहे त्यांनी तसे करावे, पण मूळ प्रत जपून ठेवावी.

प्रश्न : दुर्बोध कथा म्हणजे तात्त्विक कथा का?

नाही. कठीण गोष्ट शक्य तितकी स्वच्छ सांगितल्यावर जी दुर्बोधता उरते, तीच खरी. धुके लेखकाने सोडलेले असेल तर वाचकाला ते लगेच कळते.

प्रश्न : आमची पात्रे सोलापुरी बोलीत बोलतात. त्या भाषेत तत्त्वज्ञान कसे मांडावे?

या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत नांदतात, आणि येथल्या मराठीवर त्या सगळ्यांची सावली आहे. ‘अस्तित्व’, ‘नियती’, ‘मूल्यव्यवस्था’ हे शब्द या बोलीत नाहीत म्हणून ती बोलणारा माणूस त्या गोष्टींचा विचार करत नाही, असे समजणे हा केवळ शिकलेल्यांचा गैरसमज आहे. ‘नशिबात होतं की’ आणि ‘नशिबात होतं म्हणं’ या दोन वाक्यांत नियतीविषयीच्या दोन भूमिका आहेत : पहिल्यात शरण जाणे, दुसऱ्यात शंका. एवढा फरक करायला ग्रंथातल्या भाषेला परिच्छेद लागतो. लेखकाने बोलीत पारिभाषिक शब्द कोंबू नयेत. त्या बोलीत शंका, कबुली आणि नकार कसे बोलले जातात, ते कान देऊन ऐकावे.

प्रश्न : कथा लिहिण्यासाठी तत्त्वज्ञान वाचलेच पाहिजे का?

वाचलेच पाहिजे असे नाही, पण वाचल्याने एक लाभ होतो : आपल्याला सुचलेला महान विचार दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मांडून, त्याच्यावरचे आक्षेपही नोंदवून ठेवलेले आहेत, हे कळते आणि उत्साह योग्य तेवढा उतरतो. मराठीत सोय हवी असेल तर दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ चांगल्या ग्रंथालयात मागावा. वाचून झाल्यावर लगेच लिहायला बसू नये. वाचलेले विसरायला लागले की मग लिहावे.

प्रश्न : मला पात्र किंवा प्रसंग सुचत नाही, आधी कल्पनाच सुचते. मग कथा लिहूच नये का?

अवश्य लिहावी, फक्त कल्पनेला काम लावावे. आमच्यातल्या एका सदस्याला ‘न्याय म्हणजे काय’ या विषयावर लिहायचे होते. पहिल्या खर्ड्यात दोन प्राध्यापक बागेत बसून न्यायाविषयी बोलत होते आणि अखेरीस सूर्य मावळत होता. आम्ही त्यांना विचारले, की न्याय चुकला तर या दोघांपैकी कोणाचे काय जाते? ते बराच वेळ गप्प राहिले.

दुसऱ्या खर्ड्यात प्राध्यापक गेले आणि विड्या वळणारी एक बाई आली. सोलापुरात अशी हजारो घरे आहेत, आणि तिथे मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. मोजणाऱ्याच्या चुकीने तिच्या नावावर हजार विड्या जास्त चढतात, आणि त्याच दिवशी शेजारणीच्या नावावर हजार कमी. चूक तिची नाही. याच मोजणाऱ्याने गेल्या महिन्यात तिच्या कितीतरी विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या होत्या, म्हणजे हा हिशेब एका अर्थी बरोबरच झाला आहे. पण तो शेजारणीच्या पैशातून झाला आहे. ‘न्याय’ हा शब्द आता कथेत कुठेही उरलेला नाही.

तिसऱ्या खर्ड्यात ती बाई मजुरीच्या दिवशी तेवढे पैसे पदराला बांधून शेजारणीच्या दारापर्यंत जाते, आत पोरांना जेवायला वाढल्याचा आवाज येतो, आणि कडीला लावलेला हात ती काही वेळ तसाच ठेवते. कथा तिथे थांबते. लेखकाला चौथा खर्डा करायचा आहे, कारण तिने पैसे दिले की नाही हे सांगितले पाहिजे असे त्यांना वाटते. आमच्यापैकी निम्म्या लोकांनाही तसेच वाटते. पुढच्या रविवारी त्याच कथेवर पुन्हा बोलणे होणार आहे.